शेऱ्याचा रकाना

पावसात शिकवणं मला फार जड जातं. साताऱ्यात मृग लागला की आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या पत्र्यावर सरी कोसळू लागतात. मग त्या सरींचा आवाज, मागच्या बाकावरची कुजबुज, व्हरांड्यातून जाणाऱ्या ओल्या चपलांची चपचप, पंख्याची करकर, फाटकाशी मागे येणाऱ्या टेम्पोची टींटीं, कुणा मुलीच्या बांगड्या आणि मी स्वतः बोलत असलेलं वाक्य, हे सगळं मला सारख्याच जोरात ऐकू येतं. यातलं आत्ता काय ऐकायचं आणि काय सोडून द्यायचं, हे बहुतेकांच्या बाबतीत त्यांच्या नकळत ठरून जातं. माझ्या बाबतीत ते ठरत नाही. ते मला क्षणोक्षणी ठरवावं लागतं. तास संपतो तेव्हा बोलून बोलून नव्हे, तर या ठरवण्यानेच मी थकलेली असते.

वडिलांचं कराडला रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. रात्री मीडियम वेव्हचा काटा केसभर सरकला की दोन केंद्रं एकदम बोलू लागत. मराठी बातम्यांच्या अंगावरून कानडी गाणं जाई. माझ्या डोक्यात काय चालतं हे सांगायला मला याहून जवळचं काही सापडत नाही. दोन्ही केंद्रं ठणठणीत चालू असतात, काटा तेवढा एका जागी थांबत नाही.

या अवस्थेला एडीएचडी म्हणतात. मला ती आहे हे कळलं तेव्हा माझी चाळिशी उलटली होती.

वडिलांविषयी आधी लिहायला हवं. बंद पडलेला मर्फीचा सेट टेबलावर आला की ते रात्र रात्र उठत नसत. शेजारी ताट झाकलेलं असायचं, आमटीवर साय धरायची. उजाडता उजाडता सेट गाऊ लागायचा आणि वडिलांच्या चेहऱ्यावर जे काही यायचं ते मी पुढे कुठल्या देवळातही पाहिलं नाही. पण बिल लिहिलं जायचं नाही. गिऱ्हाइकाला दिलेला वार उलटून जायचा. किल्ल्या शेजारच्या सायकलवाल्याच्या दुकानात सापडायच्या. गाव त्यांना कलंदर म्हणायचं, आणि प्रेमाने म्हणायचं. उधारीची वही आई लिहायची. विजेचं बिल, वाण्याचे पैसे, कुणाच्या लग्नात किती आहेर आला होता आणि आता किती द्यायचा, आत्याच्या पत्राला उत्तर गेलं की नाही, हे सगळं आईच्या डोक्यात असायचं. वडिलांची हुशारी आईच्या आठवणीवर उभी होती. ते कुणाला दिसत नव्हतं, कारण असा आधार बाईने द्यायचाच असतो हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं होतं.

मी त्यांचीच मुलगी. पण मला कुणी कलंदर म्हटलं नाही. मला वेंधळी म्हणत.

मी दंगा करणारी नव्हते. मुली नजरेतून सुटतात त्या इथेच. बाकावरून उड्या मारणारा, दुसऱ्याच्या बोलण्यात तोंड घालणारा मुलगा शिक्षकांना दिसतो, त्यांना त्याचा त्रास होतो, आणि त्या त्रासापायी का होईना, कधी तरी तो डॉक्टरांपर्यंत पोचतो. मनोविकारशास्त्रात या अवस्थेची तीन रूपं सांगितली आहेत. एकात लक्ष टिकत नाही, दुसऱ्यात अंगाला आणि जिभेला स्वस्थता नसते, तिसऱ्यात दोन्ही असतं. पहिल्या रूपातली मुलगी फळ्याकडे तोंड करून शांत बसते. बाई वाचत असलेला धडा तिच्यासाठी पहिल्या ओळीतल्या एखाद्या शब्दापाशीच थांबलेला असतो, आणि त्या शब्दाला धरून ती भलत्याच मुलखात गेलेली असते. तिचा कुणालाही त्रास होत नाही. म्हणून लहानपणी निदान होणाऱ्यांत मुलगे पुष्कळ जास्त दिसतात आणि मोठ्या वयात तो फरक बराच कमी होतो. मधल्या वर्षांत त्या मुलींचं काय झालं, हे विचारायला हवं.

माझं काय झालं ते सांगते. माझं लग्न झालं आणि एक घर माझ्या अंगावर आलं.

घर चालवणं म्हणजे मेंदूला नेमकं काय करावं लागतं याचा विचार आपण फारसा करत नाही. मटकीची उसळ घ्या. उद्या सकाळी डब्यात द्यायची तर मटकी काल भिजवून आज फडक्यात बांधलेली हवी. म्हणजे डब्याचा विचार दोन दिवस आधी डोक्यात यायला हवा, आणि मधल्या काळात गॅसवर दूध असताना, फोन वाजत असताना, सासूबाईंच्या रक्तदाबाची गोळी काढून देताना, दळणवाल्याला हाक मारताना तो तिथेच टिकायला हवा. पुढचं आधी दिसणं, दिसलेलं धरून ठेवणं, एका कामातून उठून दुसऱ्यात जाणं आणि परत पहिल्यावर येणं, किती वेळ गेला हे घड्याळ न बघता जाणवणं: ही सगळी कामं मुख्यत्वे कपाळामागचा मेंदूचा पुढचा भाग पाहतो. एडीएचडीत नेमका तिथलाच कारभार कच्चा असतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली यांनी आपल्या संशोधनातून पुन्हा पुन्हा हेच मांडलं आहे, की या माणसांना काय करायचं ते माहीत असतं, पण माहीत असलेलं ते त्या वेळी हातून होत नाही. मला ते वाचताना कुणी तरी माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून पाहून गेलंय असं वाटलं.

आणि बाईच्या बाबतीत विसरणं हे नुसतं विसरणं राहत नाही. पुरुष सिलिंडरचा नंबर लावायला विसरला तर तो कामात असतो. बाईचं दूध उतू गेलं तर तिचं घरात लक्ष नसतं, आणि घरात लक्ष नाही म्हणजे घरावर माया नाही. मुलाच्या सहलीचे पैसे भरायची तारीख गेली, नणंदेचा वाढदिवस गेला, ओटीचं सामान आणायचं राहिलं, की प्रत्येक वेळी माझ्या प्रेमाचाच हिशेब मांडला जायचा. मी स्वतःही तो तसाच मांडत असे. वर्षानुवर्षं असा हिशेब मांडणाऱ्या माणसाचं मन आजारी पडलं तर त्यात नवल नाही.

एडीएचडी असलेल्या कितीतरी बायका डॉक्टरांकडे पहिल्यांदा जातात त्या नैराश्यासाठी. मीही तशीच गेले. औषधांनी गुण आला. सकाळी उठवत नसे ते उठवू लागलं, विनाकारण येणारं रडू थांबलं. पण बारावीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पूर्वीसारखाच टेबलावर बसून राहायचा. मी त्याच्यासमोर बसायची, लाल पेन उघडायची, आणि तासाभराने बघावं तर मी कपाटातली जुनी मासिकं आवरत असायची. मग मुदतीच्या आदल्या रात्री पहाटेपर्यंत जागून गठ्ठा उपसायचा. पुण्याच्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंना हे सहज बोलता बोलता सांगितलं. त्या लिहिता लिहिता थांबल्या आणि म्हणाल्या, "शाळेत कशा होता तुम्ही?" मग म्हणाल्या, "प्रगतिपुस्तकं असतील का? आणि आईंना आणता येईल का एकदा?"

मला तेव्हा प्रगतिपुस्तकांचा अर्थ लागला नव्हता. एडीएचडी रक्ताच्या तपासणीत सापडत नाही, मेंदूच्या स्कॅनवरूनही तिचं निदान करत नाहीत. ती माणसाच्या इतिहासात शोधावी लागते. लक्षणं वयाच्या १२ वर्षांच्या आत दिसलेली असली पाहिजेत असा दंडक आहे (२०१३ पर्यंत तो ७ वर्षांचा होता), शिवाय ती एकाच ठिकाणी नव्हे तर घरी आणि शाळेत, किंवा घरी आणि कामावर, अशी दोन्हीकडे दिसावी लागतात. मोठेपणी माणसाला स्वतःचं बालपण धड आठवत नाही. कागद असतील तर बरं पडतं.

आईने माळ्यावरची ट्रंक काढायला लावली. डांबराच्या गोळ्यांच्या वासातून, वडिलांच्या कोटाखालून, दोऱ्याने बांधलेली माझी प्रगतिपुस्तकं निघाली. तिने सगळी ठेवली होती. आम्ही दोघी जमिनीवर बसून ती चाळू लागलो. गुणांचे आकडे वर-खाली होत होते. शेऱ्याच्या रकान्यात मात्र वर्षामागून वर्षं एकच गोष्ट वेगवेगळ्या बाईंच्या अक्षरांत लिहिलेली होती. हुशार आहे, लक्ष देत नाही. वह्या अपूर्ण. साहित्य हरवते. उत्तर येत असून लिहीत नाही. मनात आणले तर पहिली येईल.

त्या शेऱ्यांत एकही खोटा नव्हता. त्या बाईंनी मला नीट पाहिलं होतं. आज निदानाच्या पुस्तकात लक्ष न टिकण्याची जी नऊ लक्षणं छापलेली आहेत, त्यांतली बहुतेक त्यांनी शाईने लिहून ठेवली होती. फक्त ती लक्षणं आहेत हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं.

दवाखान्यात आईने पदर सावरत विचारलं, "आमचं काही चुकलं का हो डॉक्टर?" डॉक्टर म्हणाल्या, "नाही हो. तुम्ही रोज दप्तर भरून दिलंत, वेळेवर हाक मारलीत, म्हणून तर या शाळा नीट पार करू शकल्या." आई थोडा वेळ गप्प बसली. मग तिने अगदी हळू आवाजात विचारलं, "ह्यांनाही हेच होतं का हो?" गेलेल्या माणसाचं निदान करता येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. पण जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांतून माणसामाणसांतल्या या फरकात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ७० ते ८० टक्के असल्याचं दिसलं आहे, हेही सांगितलं. परतीच्या एसटीत आई खंबाटकीचा घाट येईपर्यंत काही बोलली नाही. मग म्हणाली, "मी किती बोलले ग त्यांना." त्यांच्या उधारीची वही जिने आयुष्यभर लिहिली, तिने असं म्हणावं, याचं मला अजून वाईट वाटतं.

मनात आणलं तर. या तीन शब्दांवर माझा सगळ्यांत जास्त राग आहे. हा समज आपल्यापुरता नाही. १९०२ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये जॉर्ज फ्रेडरिक स्टिल या बालरोगतज्ज्ञांनी व्याख्यानं दिली. बुद्धी चांगली असूनही स्वतःला आवरू न शकणाऱ्या, एका जागी लक्ष धरू न शकणाऱ्या मुलांचं त्यांनी बारकाईने वर्णन केलं. या सगळ्याचं मूळ शरीरात असावं असा त्यांचा कयास होता. पण त्यांनी त्याला नाव दिलं ते नैतिक नियंत्रणातल्या दोषाचं. लक्ष हा शब्द अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत या विकाराच्या नावात आला तो १९८० साली. मधल्या काळात किती मुलांनी पट्टी खाल्ली असेल, किती जणींनी वेंधळी म्हणून आयुष्य काढलं असेल! आणि यादीत नाव बदललं म्हणून शेऱ्याचा रकाना बदलला, असं काही झालेलं नाही.

औषधाची गोष्ट तर या नावाहून जुनी आहे. ऱ्होड आयलंडमधल्या मुलांच्या एका इस्पितळात चार्ल्स ब्रॅडली नावाचे डॉक्टर होते. मेंदूच्या एका तपासणीनंतर मुलांचं डोकं भयंकर दुखायचं, त्यावर उतारा म्हणून त्यांनी बेंझेड्रिन देऊन पाहिलं. डोकेदुखीला फारसा गुण आला नाही, पण मुलांचा अभ्यास एकाएकी सुधारला. १९३७ साली त्यांनी ३० मुलांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांतल्या १४ मुलांच्या अभ्यासात नजरेत भरेल असा फरक पडला होता. मुलांनी त्या औषधाला गणिताच्या गोळ्या असं नाव ठेवलं होतं, हे वाचून मी पुस्तक मिटून बसले. ज्यांना आपला मेंदू हातात आल्याचा अनुभव पहिल्यांदा मिळाला, त्या मुलांनी ठेवलेलं ते नाव आहे. पुढे १९४४ मध्ये सीबा कंपनीतल्या लिआंद्रो पॅनिझोन यांनी मिथाइलफेनिडेट तयार केलं, आणि आपल्या पत्नीच्या, रीटाच्या, नावावरून त्याला रिटालिन म्हटलं. मी घेते ते हेच औषध, इथे ते वेगळ्या नावांनी मिळतं.

मिळतं म्हणजे सहज मिळत नाही. आपल्याकडे मिथाइलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये येतं. डॉक्टरांची चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत दुकानदार ठेवून घेतो आणि त्याला ती दोन वर्षं जपावी लागते. हे औषध विकायला वेगळा परवाना लागतो, म्हणून बहुतेक दुकानांत ते नसतंच. मी पुण्याहून आणते. चिठ्ठी पुढे केली की काही ठिकाणी माणूस आधी कागदाकडे, मग माझ्याकडे बघतो. नियम योग्य आहे, कारण या औषधाचा गैरवापर होतो, आणि परीक्षेच्या रात्री जागायला म्हणून निरोगी मुलांनी ते मिळवून खाणं हा धोका आहे. पण ज्याच्या विकारात वेळेवर काम न होणं हेच मुख्य आहे, त्याला दर वेळी वेळेवर चिठ्ठी घेऊन दुसऱ्या शहरात जायला लावणारी ही व्यवस्था आहे. जिल्ह्याच्या गावी एक तरी परवानाधारक दुकान असावं, एवढी मागणी मला अवाजवी वाटत नाही.

मेंदूत डोपामिन आणि नॉरअॅड्रिनलिन ही रसायनं एका पेशीचा निरोप दुसरीकडे नेतात आणि लगेच परत शोषली जातात. हे औषध ते शोषण अडवतं, त्यामुळे निरोप जरा जास्त वेळ टिकतो. पहिल्यांदा गोळी घेतली तेव्हा मी गठ्ठा समोर ठेवला. एक उत्तरपत्रिका तपासली, गुणांची बेरीज केली, दुसरी घेतली. बाहेर पाऊस होताच. ऐकू येत होता, पण मागे सरकून. तिसरी घेतली. आनंद झाला असं म्हणणं सोपं आहे. खरं तर मला संताप आला. लोकांना हे रोज असंच असतं? कुठलीही झुंज न देता? आणि याच लोकांनी मला मनात आण म्हणून सांगितलं?

तो संताप आता निवळला आहे. गोळीचा अंमल काही तासांचा असतो. भूक मरते, तोंडाला कोरड पडते, संध्याकाळी असर उतरताना चिडचिड होते. नाडी आणि रक्तदाब तपासावा लागतो. काहींना हे औषध मानवत नाही. त्यांच्यासाठी अॅटोमॉक्सेटिनसारखी औषधं आहेत, त्यांचा गुण दिसायला काही आठवडे जातात. आणि गोळी मटकी भिजवत नाही. ती भिजवायची आठवण डोळ्यांसमोर मांडून ठेवावी लागते, कारण माझ्यासाठी नजरेआड ते नाहीच. स्टीलचे डबे जाऊन माझ्याकडे काचेच्या बरण्या आल्या. फ्रिजवर फळा आला. गठ्ठा तपासायला मी आता सहकारी मैत्रिणीच्या घरी जाते. ती तिचा गठ्ठा तपासते, मी माझा, आम्ही बोलत नाही, आणि काम होतं. पहाटे अजिंक्यताऱ्याचा चढ चढून आलं की सकाळचे तास सोपे जातात. समुपदेशनातून मोठी कामं तुकड्यांत मांडायला शिकले. आणि सिलिंडर, बिलं, शाळेच्या तारखा हे सगळं नवऱ्याने स्वतःकडे घेतलं. मदत म्हणून नाही, त्याची कामं म्हणून. माझ्या आईने जे एकटीने, न सांगता केलं, ते आमच्या घरात निदान उघडपणे वाटून घेतलं आहे.

आजकाल सगळ्यांनाच एडीएचडी असतं, असं ऐकायला मिळतं. मोबाइल बघून लक्ष उडतं, हे खरंच आहे. मोबाइल दूर ठेवला की ते परत येतं. माझी तिसरीतली वही अपूर्ण राहिली तेव्हा आमच्या घरात टीव्हीही नव्हता. रील पाहून स्वतःला नाव लावून घेऊ नका, आणि रीलमुळे हा विकार खोटा ठरवूही नका. ही देणगी आहे, असंही काही जण सांगतात. मला ते पटत नाही. वडिलांच्या हातात जादू होती, ती त्यांची होती. न लिहिलेली बिलं आणि पुढे बंद करावं लागलेलं दुकान, हे विकाराचं. मीही कविता शिकवताना एका शब्दावरून दुसऱ्या मुलखात जाते आणि मुलं माझ्याबरोबर येतात. गोळी घेतल्यावर ते गेलं नाही. फक्त आता मला परतही येता येतं आणि घंटा व्हायच्या आत धडा पुरा होतो.

माझ्या वर्गात दर वर्षी एखादी तरी मुलगी खिडकीकडेच्या बाकावर अशी बसलेली असते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. ते यायला हवं. तोवर शिक्षकांना माझं सांगणं आहे, की शेरा लिहाच, पण लिहून झाल्यावर पालकांना बोलावून तो मोठ्याने वाचून दाखवा आणि त्यांना बालरोगतज्ज्ञाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवा. आणि हे वाचताना ज्या बाईला आपलीच ट्रंक आठवली असेल, तिने ती उघडावी. जवळपास डॉक्टर नसेल तर टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फुकट बोलता येतं, मराठीतही. जाताना प्रगतिपुस्तकं न्या, जमलं तर आईला न्या. गोळी सुरू झाली तर चिठ्ठीच्या दोन्ही प्रती घेतल्याशिवाय दवाखान्यातून उठू नका, रक्तदाब तपासून घ्या, आणि भूक नसली तरी दुपारचं जेवण चुकवू नका.